वसंतसंपाताचे स्वागत: तयारीचा क्रम, सावलीची रेषा आणि एकच ठराव

वसंतसंपात साजरा करू पाहणाऱ्यांकडून दरवर्षी त्याच त्या चुका होताना मी पाहतो. २१ मार्च ही तारीख पाठ असते, म्हणून त्या दिवशी सकाळी घर आवरायला घेतले जाते. दुपारपर्यंत सगळे दमतात, धान्य रुजत घालायचे राहून गेलेले असते, आकाशाकडे पाहायला कोणालाच सवड मिळत नाही आणि रात्री झोपण्यापूर्वी घाईघाईने आठ-दहा संकल्प वहीत उतरवले जातात. एप्रिल उजाडेपर्यंत ती वहीसुद्धा सापडेनाशी होते. या साऱ्याच्या मुळाशी कामांचा उलटा लागलेला क्रम असतो. जागा मोकळी करणे आधी, रुजवणे त्यानंतर, निरीक्षण त्याच्याही नंतर आणि ठराव सर्वांत शेवटी, हा क्रम ज्यांनी पाळला त्यांचे बहुधा काही बिनसत नाही. तीन आठवडे आधीपासून संपातानंतरच्या तेराव्या दिवसापर्यंत हा क्रम कसा लावावा, ते पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

## १. तीन आठवडे आधी: नेमका क्षण काढा

सूर्यबिंबाचे केंद्र खगोलीय विषुववृत्त (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेली रेषा) दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडते, तो क्षण म्हणजे वसंतसंपात. तो साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी येतो, फक्त ठिकठिकाणच्या घड्याळांत तो वेगळा दिसतो आणि त्यामुळे कधी कधी तारीखही बदलते. २०२६ साली हा क्षण जागतिक वेळेनुसार २० मार्चला १४ वाजून ४६ मिनिटांनी येतो. भारतीय प्रमाणवेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवले की २० मार्चच्या रात्रीचे ८ वाजून १६ मिनिटे होतात. २०२७ साली जागतिक वेळ २० मार्च, २० वाजून २५ मिनिटे अशी आहे, म्हणजे भारतात तेव्हा २१ मार्चच्या पहाटेचे १ वाजून ५५ मिनिटे झालेले असतील. ऋतुचक्राचे वर्ष ३६५ दिवस, ५ तास आणि सुमारे ४९ मिनिटांचे असल्यामुळे हा क्षण दरवर्षी जवळपास सहा तासांनी पुढे सरकतो आणि लीप वर्षात सुमारे अठरा तास मागे येतो. म्हणून मागील वर्षीची वेळ यंदा वापरता येत नाही.

याच टप्प्यावर काही गोंधळ मनातून काढून टाकावेत. पंचांगात एप्रिलच्या मध्यावर दाखवलेली मेष संक्रांत म्हणजे वसंतसंपात नव्हे. ती निरयन, म्हणजे तारकांना धरून मोजलेली, संक्रांत आहे आणि संपातबिंदू तारकांच्या तुलनेत मागे सरकत गेल्यामुळे दोघांमध्ये आता सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे. पंचांगात ‘सायन मेष’, म्हणजे संपाताला धरून मोजलेली मेष, असा उल्लेख जिथे असेल तिथे पाहावे. चैत्र शुद्ध प्रतिपदा चंद्रावर ठरते, त्यामुळे ती संपाताच्या मागेपुढे हिंडत राहते. भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतील १ चैत्र मात्र संपाताला धरून ठरवलेला आहे: २२ मार्च, आणि लीप वर्षात २१ मार्च. दक्षिण गोलार्धात राहणाऱ्या वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे, की त्यांच्याकडे मार्चमध्ये शरद ऋतू सुरू होतो. त्यांचा वसंत सप्टेंबरच्या संपाताला येतो आणि हा सारा क्रम त्यांनी तेव्हा पाळावा.

पडताळणी: तारीख, तास, मिनिटे आणि कोणती प्रमाणवेळ, या चारही गोष्टी एका कागदावर लिहून भिंतीवर लावलेल्या आहेत ना? यांपैकी एक जरी नसली, तरी पुढची सगळी उलटी मोजणी चुकेल.

## २. अठरा ते पाच दिवस आधी: जागा मोकळी करा

इराणमध्ये नवरोजच्या, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या, आधीच्या साफसफाईला ‘खाने तकानी’, म्हणजे शब्दशः ‘घर झटकणे’, असे म्हणतात आणि ती आधीचे काही आठवडे चाललेली असते. नवरोज संपाताच्या क्षणीच सुरू होतो, त्यामुळे तो क्षण येईपर्यंत घर शांत झालेले असावे, हा त्यामागचा व्यवहार आहे. आपणही एवढी एक गोष्ट त्यांच्याकडून जशीच्या तशी घ्यावी: संपाताच्या दिवशी झाडू हातात धरू नये.

साफसफाईतही क्रम असतो. आधी कागद, मग वस्तू, त्यानंतर धूळ आणि शेवटी फरशी. बहुतेक जण फरशीपासून सुरुवात करतात, मग माळ्यावरच्या पेट्या खाली काढतात आणि धुतलेल्या फरशीवर पुन्हा धूळ पाडून घेतात. कागदांसाठी एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवावी. मी दरवर्षी टेबलाच्या खणापासून सुरुवात करतो आणि दरवर्षी तिथे अशा पावत्या सापडतात, ज्यांच्यावरची छपाई उडून कागद कोराकरकरीत झालेला असतो, तरीही त्या टाचणी लावून जपलेल्या असतात. ज्या पावतीवर आता वाचण्यासारखे काही उरलेले नाही, ती ठेवायची की नाही यावर विचार करत बसू नये. अशा निःशंक वस्तू पहिल्या फेरीत बाहेर काढाव्यात. ज्यांच्याशी आठवणी जोडलेल्या आहेत त्या एका पेटीत बाजूला ठेवाव्यात आणि त्यांचा निर्णय तेराव्या दिवसापर्यंत पुढे ढकलावा. आठवणींच्या वस्तू पहिल्याच दिवशी हातात घेतल्या की काम थांबते, असा माझा अनुभव आहे. त्यात कमीपणा काही नाही, पण वेळेचे गणित मात्र कोलमडते.

घराइतकीच देणीघेणी महत्त्वाची आहेत. उसनी आणलेली पुस्तके आणि भांडी परत करणे, राहिलेली लहानसहान रक्कम चुकती करणे, महिनोन्‌महिने उत्तर न दिलेल्या एखाद्या पत्राला उत्तर लिहिणे, ही कामे याच काळात उरकावीत. कोणाशी बोलणे तुटलेले असेल आणि ते पुन्हा जुळावे अशी खरोखर इच्छा असेल, तर तो फोनही याच दिवसांत करावा. संपाताच्या क्षणाचा मुहूर्त त्यासाठी राखून ठेवला, तर समोरच्या माणसावर नकळत दडपण येते.

इशारा: हे काम पाच दिवस आधी थांबवावे, मग ते अपुरे का राहिलेले असेना. उरलेल्या वस्तू एका खोलीत किंवा एका कपाटात ठेवून दार लावून घ्यावे. पुढच्या दिवसांना मोकळा हात लागतो.

## ३. दहा ते चौदा दिवस आधी: धान्य रुजत घाला

नवरोजच्या मांडणीत ‘सब्जे’ म्हणजे गव्हाचे किंवा मसुराचे हिरवे अंकुर असतात. त्या मांडणीतल्या ‘स’ने सुरू होणाऱ्या सातही वस्तू गोळा करण्याचा काही जण हट्ट धरतात, आणि समनू (गव्हाच्या अंकुरांचा गोड पदार्थ) किंवा सेंजेद (एक सुके फळ) मिळाले नाही की हिरमुसतात. त्या वस्तूंचा अर्थ त्या घरांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीत आहे. ज्याच्या घरी ती रीत नाही, त्याने एकच गोष्ट मनापासून, तिचे नाव आणि मूळ सांगून करावी, हे मला अधिक योग्य वाटते. आणि त्यासाठी अंकुरांइतकी चांगली गोष्ट दुसरी नाही, कारण ती विकत आणून चालत नाही, वाढवावी लागते.

हवा गार असेल तर चौदा दिवस आणि उबदार असेल तर दहा दिवस आधी सुरुवात करावी. त्यापूर्वी वीस दाणे ओल्या कापडात ठेवून धान्य जिवंत आहे का ते तपासावे. तीन दिवसांत निदान सोळा-सतरा दाण्यांना मोड आले नाहीत, तर ते धान्य जुने झालेले आहे असे समजून दुसरे घ्यावे. पेरणीसाठी औषध चोळलेले रंगीत बियाणे घरात या कामाला कधीही वापरू नये.

पुढची कृती अशी आहे. गहू स्वच्छ निवडून, धुऊन, रात्रभर भरपूर पाण्यात भिजत ठेवावेत. सकाळी पाणी काढून टाकून ते ओल्या सुती कापडात सैलसर बांधावेत आणि एक-दोन दिवसांत पांढरे टोक दिसू लागेपर्यंत कापड ओलसर राखावे. मग पसरट ताटलीत ओले सुती कापड अंथरून त्यावर दाणे एकमेकांना लागून, पण एकच थर होईल असे पसरावेत. वरून पुन्हा ओले कापड झाकावे. कोंब बोटाच्या पेराएवढे झाले की झाकण काढून ताटली उजेडात ठेवावी. कडक ऊन मात्र टाळावे. दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे आणि ताटली रोज अर्धी फिरवावी, नाहीतर सगळे अंकुर खिडकीकडे कलतात.

येथे होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे ताटलीत पाणी साचू देणे. पहिल्या वर्षी मी रोज सकाळी प्रेमाने वाटीभर पाणी ओतत होतो. पाचव्या दिवशी ताटलीजवळ गेल्यावर आंबूस वास आला, आणि मधले दाणे बोटाने दाबले तर ते पिठासारखे पसरले. तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो: ताटली तिरकी केली की कडेला पाण्याचा थेंबही ओघळता कामा नये.

दुसरी चूक नेमकी उलटी आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुळांभोवती पांढरी लव दिसते आणि बुरशी आली असे समजून लोक सगळी ताटली फेकून देतात. ही लव मूलरोमांची असते. ती प्रत्येक मुळाभोवती सारख्या अंतराने असते आणि पाणी शिंपडताच मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी मात्र कोळिष्टकासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते, पाण्याने नाहीशी होत नाही आणि तिला कुबट वास येतो. तसे दिसले तर तेवढा भाग चमच्याने उचलून टाकावा, हवा खेळती ठेवावी. पण निम्म्याहून अधिक भाग बिघडला असेल तर पुन्हा नव्याने सुरुवात करावी. आठ दिवस हाताशी असतील तर आखूड का होईना, हिरवा गालिचा तयार होतो.

पडताळणी: संपाताच्या चार दिवस आधी अंकुर चार-पाच बोटे उंच झाले असतील तर गती बरोबर आहे. फारच पुढे गेले असतील तर ताटली गार जागी हलवावी.

## ४. पाच दिवस आधी: शंकू (सावली मोजायची काठी) उभा करा आणि तालीम करा

निरीक्षणाशिवाय हा दिवस इतर कोणत्याही दिवसासारखाच जातो. संपाताच्या दिवशी उभ्या काठीच्या सावलीचे टोक दिवसभर एका सरळ रेषेत चालते आणि ती रेषा पूर्व-पश्चिम असते. वर्षातून दोनदाच असे घडते. इतर दिवशी हा मार्ग वाकलेला असतो. उत्तर गोलार्धात संपाताच्या आधी त्याची दोन्ही टोके काठीपासून दूर वळलेली दिसतात आणि संपातानंतर ती काठीकडे वळू लागतात.

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: एक मीटर उंचीची सरळ काठी आणि तिला घट्ट धरणारी बैठक, पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा, ओळंबा, पाणसळ, मोठा पांढरा कागद, चिकटपट्टी, पेन्सिल आणि मजबूत दोरा. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत जिथे ऊन अडत नाही अशी सपाट जागा निवडावी. पाणसळ ठेवून जागा खरोखर सपाट आहे का ते पाहावे. पाणी वाहून जावे म्हणून गच्चीला दिलेला उतार डोळ्यांना दिसत नाही, पण मोजमाप बिघडवतो.

पुठ्ठ्याची गरज का पडते, हे येथे सांगायला हवे. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाहून किंचित मोठे बिंब आहे, त्यामुळे मीटरभर उंच काठीच्या सावलीचे टोक सुमारे एक सेंटिमीटर धूसर असते. त्या धूसर पट्ट्यात नेमकी खूण कुठे करावी हे ठरत नाही, आणि पाच जण पाच ठिकाणी बोट ठेवतात. त्याऐवजी पुठ्ठ्याच्या मधोमध पाच मिलिमीटरचे छिद्र पाडून तो काठीच्या टोकाला आडवा, बाहेर डोकावेल असा बसवावा. मग सावलीच्या मध्यभागी प्रकाशाचा एक गोल ठिपका पडतो. ठिपक्याच्या मध्यावर पेन्सिल टेकवावी. छिद्राच्या बरोबर खाली येणारा बिंदू ओळंब्याने काढून कागदावर ठळक करावा आणि छिद्राची जमिनीपासूनची उंची मोजून लिहावी.

आता तालीम. सूर्य सर्वांत उंच असतो ती स्थानिक मध्यान्हवेळ घड्याळातल्या बाराला येत नाही. मार्चच्या संपातसुमारास प्रमाणवेळेच्या रेखावृत्तावरदेखील ती सुमारे साडेसात मिनिटांनी उशिरा, म्हणजे १२ वाजून ७-८ मिनिटांनी येते. त्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला असलेल्या प्रत्येक अंशामागे आणखी ४ मिनिटे मिळवावीत आणि पूर्वेला असल्यास तेवढीच वजा करावीत. पाच अंश पश्चिमेला असलेल्या गावी मध्यान्ह १२ वाजून २७-२८ मिनिटांनी होईल. भारतीय प्रमाणवेळेचे रेखावृत्त ८२ अंश ३० मिनिटे पूर्व हे आहे.

या वेळेला सलग पाच दिवस ठिपक्याची खूण करावी. २० अंश अक्षांशावर मीटरभर उंचीच्या छिद्राचा मध्यान्हीचा ठिपका या दिवसांत रोज सुमारे ८ मिलिमीटर ओळंब्याच्या बिंदूकडे सरकतो. सूर्याची उत्तरेकडची चाल संपातसुमारासच सर्वांत वेगवान असते, दररोज जवळपास ०.४ अंश. कागदावर ओळीने उमटत गेलेल्या त्या पाच खुणा पाहिल्यावर मार्चचे दिवस इतक्या भराभर का बदलत जातात, ते निराळे समजावून सांगावे लागत नाही.

इशारा: सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी, छिद्रातून, दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून कधीही पाहू नये. नजर सतत कागदावरच असावी. लहान मुले बरोबर असतील तर हा नियम त्यांच्याकडून आधी वदवून घ्यावा.

## ५. संपाताचा दिवस, पहाट: पूर्व दिशा पाहून ठेवा

या दिवशी सूर्य जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवतो आणि नेमक्या पश्चिमेला मावळतो, असे म्हटले जाते आणि ते खरेही आहे. परंतु ते सपाट क्षितिजाला लागू पडते. समोर टेकडी किंवा इमारत असेल तर सूर्य वर चढून आल्यावरच दिसतो, आणि चढताना तो उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे सरकलेला असतो. २० अंश अक्षांशावर पाच अंश उंच अडथळा असेल तर हा फरक जवळपास दोन अंशांचा होतो. होकायंत्रावरही पूर्ण विसंबू नये, कारण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक असतो, आणि स्लॅबमधल्या लोखंडी सळया तर सुईला हवे तिकडे ओढतात.

सूर्योदयाआधी पंधरा मिनिटे जागेवर पोहोचावे. उगवतीच्या जागेची एखादी कायमची खूण लक्षात ठेवावी, जसे एखादे झाड, खांब किंवा छपराचा कोपरा. पुढचे काही दिवस त्याच ठिकाणी उभे राहिल्यास उगवतीची जागा रोज सूर्यबिंबाच्या पाऊण व्यासाएवढी, जास्त अक्षांशांवर त्याहूनही थोडी अधिक, उत्तरेला सरकलेली आढळेल. बिंब वर आले की नजर वळवून आपल्या मागे पडलेल्या लांब सावल्यांकडे पाहावे.

दिवस आणि रात्र या दिवशी अगदी समान असतात, हा समजही येथेच तपासता येतो. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या वेळा लिहून ठेवल्या तर दिवस बारा तासांहून काही मिनिटांनी मोठा निघतो. बिंबाची वरची कड दिसली की सूर्योदय धरतात आणि वातावरणातून प्रकाश वाकल्यामुळे सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो, म्हणून हा फरक पडतो. मोजणीत चूक झाली असे समजू नये.

## ६. सकाळी नऊ ते दुपारी तीन: रेषा काढा

कागद चिकटपट्टीने चारही कडांनी पक्का करून दर अर्ध्या तासाने ठिपक्याच्या मध्यावर खूण करावी आणि शेजारी वेळ लिहावी. मध्यान्हीच्या आसपास दर पाच मिनिटांनी खूण करावी. मधे कोणी कागद किंवा काठी हलवली तर खुणा ओढूनताणून जुळवत बसू नये. हलल्याची वेळ लिहून ठेवून, शक्य असल्यास नवा कागद लावावा.

तीन वाजता पहिल्या आणि शेवटच्या खुणेवरून दोरा ताणून धरावा. काठी खरोखर उभी आणि जागा सपाट असेल तर मधल्या सगळ्या खुणा दोऱ्याखाली येतात. हीच आपली पूर्व-पश्चिम रेषा. ओळंब्याच्या बिंदूपासून या रेषेवर लंब टाकला की उत्तर-दक्षिण दिशा मिळते, आणि त्या लंबाच्या लांबीवरून आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत तेही कळते. छिद्राची उंची १०० सेंटिमीटर असेल तर लंबाची लांबी १० अंश अक्षांशावर १७.६, १५ वर २६.८, २० वर ३६.४, २५ वर ४६.६, ३० वर ५७.७ आणि ४५ अंशांवर बरोबर १०० सेंटिमीटर भरते. उंची वेगळी असेल तर त्याच प्रमाणात हिशेब करावा.

मुलांनी हे स्वतःच्या हाताने मोजावे आणि आपण फक्त शेजारी बसावे, असे मला मनापासून वाटते.

पडताळणी: मधल्या खुणा दोऱ्याच्या एकाच बाजूला सलग वाकलेल्या असतील तर जागेला खळगा किंवा फुगवटा आहे. एखादीच खूण बाहेर पडली असेल तर त्या वेळी वाऱ्याने काठी हलली असावी. ढगांमुळे मधल्या खुणा सुटल्या तरी सकाळची एक आणि दुपारची एक खूण मिळाली की रेषा काढता येते.

## ७. संपातक्षण: दहा मिनिटे राखून ठेवा

रुजवलेल्या धान्याची ताटली आणि दुपारचा कागद मध्यभागी ठेवावा. क्षणाच्या पाच मिनिटे आधी सर्वांनी बसावे, फोन बाजूला ठेवावेत आणि वेळ पाहण्याचे काम एकाकडेच द्यावे. इराणी घरांत हा क्षण मध्यरात्री आला तरी लोक त्यासाठी जागे राहतात, आणि तो उलटल्यावर भेटीगाठींची सुरुवात घरातल्या वडीलधाऱ्यांपासून होते. जपानमध्ये संपात मधोमध येईल असे सात दिवस ‘हिगान’ म्हणून पाळले जातात आणि त्या दिवसांत लोक पूर्वजांच्या समाधी स्वच्छ करून तिथे फुले वाहतात. या दोन्ही रीतींमध्ये नव्या ऋतूच्या तोंडावर आपल्या आधीच्यांची आठवण ठेवलेली आहे. त्यामुळे क्षण उलटला की पहिला फोन कोणाला करायचा, हे आधीच ठरवून ठेवावे.

या दहा मिनिटांत भाषण, छायाचित्रे किंवा संकल्पांचे वाचन काहीही करू नये. अंडे उभे करून दाखवण्याचा खेळही नको. धीर धरला तर ते वर्षाच्या कोणत्याही दिवशी उभे राहते आणि संपाताशी त्याचा काहीही संबंध नाही. क्षण पहाटे दोनला येत असेल आणि घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल, तर त्यानंतरच्या सूर्योदयाला बसावे. फक्त तो संपाताचा क्षण आहे असे म्हणू नये.

## ८. दुसऱ्या दिवशी सकाळी: एकच ठराव लिहा

ठराव दुसऱ्या दिवशी लिहायचा, कारण संपाताच्या संध्याकाळी मन भरून आलेले असते आणि तेव्हा माणूस झेपेल त्याच्या तिप्पट कबूल करतो. एका कागदाचे दोन भाग करावेत. डावीकडे एक गोष्ट, जी आजपासून थांबवायची. उजवीकडे एक गोष्ट, जी तिच्या जागी सुरू करायची. डावी बाजू रिकामी असेल तर उजवी लिहू नये. दिवसाचे तास वाढत नाहीत, त्यामुळे काही काढल्याशिवाय नवे बसणार कुठे?

उजवीकडचे वाक्य वेळ, जागा आणि कृती यांसह लिहावे. ‘वाचन वाढवायचे’ हे वाक्य उपयोगाचे नाही. ‘रात्रीचे जेवण झाल्यावर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, खिडकीजवळच्या खुर्चीत पाच पाने वाचायची’ हे वाक्य चालते, कारण ते पाळले की नाही याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येते. पाने पाचच ठेवावीत. अधिक वाचावेसे वाटले तर वाचावे, पण ठरावात आकडा वाढवू नये. आजारपण आणि प्रवास या दोन प्रसंगी काय करायचे, तेही खाली एका ओळीत लिहून ठेवावे. बहुतेक ठराव मोडतात ते पहिल्या प्रवासात आणि परत आल्यावर पुन्हा सुरू होत नाहीत.

इशारा: हा कागद कोणाला दाखवू नये आणि त्याची जाहीर घोषणा करू नये. घरातल्या एकाच माणसाला, ज्याच्या वेळेवर त्याचा परिणाम होणार आहे त्याला, सांगावे.

## ९. तेरावा दिवस: ताटली, पेटी आणि कागद

नवरोजचा तेरावा दिवस इराणमध्ये घराबाहेर, मोकळ्या हवेत घालवतात आणि अंकुर वाहत्या पाण्यात सोडतात. आपल्याजवळ वाहते पाणी नसेल किंवा असलेले आधीच कचऱ्याने कोंडलेले असेल, तर अंकुर कापडावरून सोडवून मुळांसह मातीत उलटे पुरावेत. ताटली, प्लास्टिक किंवा दोरा त्यांच्यासोबत कुठेही टाकू नये.

त्याच दिवशी दुसऱ्या टप्प्यात बाजूला ठेवलेली आठवणींची पेटी उघडावी. मग ठरावाचा कागद काढून तेरा दिवसांतले किती पाळले गेले ते मोजावे. नऊ किंवा त्याहून अधिक असतील तर तसेच चालू ठेवावे. कमी असतील तर ठराव अर्धा करावा, पाच पानांची दोन करावीत, पण बदलून दुसरा घेऊ नये. पुढचा हिशेब शरदसंपाताला, २२ किंवा २३ सप्टेंबरला, म्हणजे वसंतसंपातापासून सुमारे १८६ दिवसांनी घ्यावा.

सावलीच्या खुणांचा कागद गुंडाळून ठेवू नये, कारण घड्या आणि बाक पडले की मापे बदलतात. त्यावर तारीख, छिद्राची उंची आणि ओळंब्याचा बिंदू ठळक लिहून तो पुठ्ठ्याला लावून सपाट ठेवावा. सप्टेंबरच्या संपाताला तीच काठी त्याच जागी उभी करून हा कागद पुन्हा अंथरला, की मध्यान्ह मार्चपेक्षा सुमारे पंधरा मिनिटे आधी येईल, पण ठिपका दिवसभर मार्चमध्ये काढलेल्या त्याच रेषेवरून चालेल.